पूजेला लावलेली पत्रं

जुन्या नाटक मंडळ्यांतल्या नटांची पत्रं गोळा करणं म्हणजे माझ्या घरच्यांच्या मते रिकामटेकड्याचे उद्योग. असू दे. दीडशे वर्षांपूर्वीचा तो कागद हातात घेताना फाटेल म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेतो, हे त्यांना कुठे ठाऊक? वाळवी, ओल, उंदीर, माणसं, सगळ्यांची मला भीती. माणसांची जास्तच.

एकोडी गावात एका शेतकऱ्याच्या घरी असा गठ्ठा असल्याचं कळलं. त्या घरातले एक पूर्वज नाटकात बाईचं काम करायला घर सोडून गेले, गावोगावहून पत्रं पाठवत राहिले आणि परत आलेच नाहीत. पत्रं मोडी लिपीत, घरात कुणाला वाचता येईनात. मग दसऱ्याला विळ्या-नांगरांसोबत पत्रांचीही पूजा व्हायला लागली. मी नेमका दसऱ्यालाच पोचलो.

थोरल्या काकूंनी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा पाटावर ठेवला. यंदा एका पोथीत सापडलेलं सुटं पत्र त्यावर ठेवलं, आणि फूल पाण्याच्या तांब्यात बुडवलं. त्या शाईला पाणी म्हणजे मरण! न राहवून मी ओरडलोच, "काकू, पाणी नका!"

सगळं घर माझ्याकडे वळून बघायला लागलं. पूजेत तोंड घालणाऱ्या पाहुण्याला त्यांनी हाकललं असतं, तरी मी काय बोलणार होतो?

"काहून जी? सणाच्या दिवशी त्याईले पानी नाही द्याचं?"

"अक्षरं पुसतील. मग वाचता येणार नाहीत."

"तुमाले वाचता येते?" काकूंचा हात हवेतच थांबला. "मंग वाचा ना."

मी जपून घडी उलगडली आणि वाचलं. मुक्काम हलला, सर्दीनं आवाज बसला, नवं लुगडं आखूड पडतं, यंदा धान कसं झालं ते कळवा. काकूंनी ओली बोटं पदराला पुसली आणि तांब्या दूर सरकवला. माझा जीव भांड्यात पडला.

"बुढे घरात बोलून राहिले, असं वाटते," त्या म्हणाल्या आणि स्वतःच गठ्ठ्याची गाठ सोडली. "आता दुसरं वाचा."

दुसरं निघेना. नखानं कडा उचलली तर कागदाचा पोपडाच हातात आला. वर्षानुवर्षांच्या हळद-पाण्यानं सगळी पत्रं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. काकू डोळे मिटून ऐकायला बसल्या होत्या. सुनाही जवळ सरकल्या.

"काहून थांबले जी?"

आता यातलं एकही पत्र कुणालाच वाचता येणार नव्हतं, आणि ते त्यांच्याच पूजेनं झालं होतं. हे त्या माउलीला सांगायची मला इतकी भीती वाटली, की दुसरं म्हणून मी पहिलंच पत्र पुन्हा वाचायला घेतलं.