थोआमावशीच्या बंद नळ्या

थोआमावशी आमच्या प्रयोगशाळेत आली ती काच वितळवायला. रसायनशास्त्राशी तिचा संबंध एवढाच, की सायगॉनमधल्या इंजेक्शनच्या कुप्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तिनं एकवीस वर्षं काढली होती. ज्योतीसमोर बसून दिवसाला हजारभर कुप्यांची तोंडं बंद करायची, हेच काम. मग कारखान्यात यंत्रं आली आणि बायका घरी बसल्या. त्याच सुमारास आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख बाओसर यांना कुणीतरी सांगितलं, की थु डुक या उपनगरात एक बाई आहे, तिनं बंद केलेल्या काचेतून वारासुद्धा जात नाही. सर स्कूटर काढून स्वतः तिच्या घरी गेले.

"सर, मी नववी शिकलेली," ती म्हणाली.

"माझ्याकडे पदवीवाले अकरा जण आहेत," सर म्हणाले. "एकालाही नळीचं तोंड नीट बंद करता येत नाही."

त्या अकरांतली मी एक. माझं नाव उयेन. पीएचडीचं माझं तेव्हा दुसरं वर्ष होतं, आणि माझ्या नळ्या भट्टीत फुटायच्या, हे खरंच आहे.

मावशी बुटकी, रुंद खांद्यांची, बोलायला फटकळ. मूळची समुद्रकाठच्या फान थियेतची. तिची आई लाकडी पिंपांत मासळी आणि मीठ भरून वर्ष वर्ष मुरवायची आणि त्याचा सॉस विकायची. त्यामुळे मावशीचं नाक फार तिखट. कोणत्या बाटलीचं बूच सैल आहे, हे ती दारातूनच सांगायची.

आम्ही बनवत होतो ते पदार्थ दिसायला साखरेच्या कणांसारखे, पण आतून पोकळ. धातूचे सांधे आणि त्यांना जोडणारे कार्बनी रेणूंचे दांडे. बांबूची परांची बांधतात तशी ही बांधणी चहूकडे वाढत जाते आणि मधे खोल्या उरतात. त्या खोल्यांत वायू शिरतो आणि भिंतींना चिकटून बसतो. चमचाभर पदार्थाच्या आतल्या भिंती उलगडून अंथरल्या तर फुटबॉलचं मैदान झाकेल. कारखान्याच्या धुरातला कर्बवायू असा धरून ठेवता येईल का, हे आम्ही बघत होतो. सरांनी हे सगळं मावशीला कागदावर काढून दाखवलं.

"म्हणजे घर बांधायचं आणि रिकामं ठेवायचं?" तिनं विचारलं.

"आधी रिकामं करायचं. बांधताना ज्या द्रावणात ते वाढतं, ते द्रावण आत भाडेकरूसारखं ठाण मांडून बसतं. त्याला हळूच बाहेर काढायचं. घाई केली तर घर कोसळतं."

"भाडेकरूंचं असंच असतं," मावशी म्हणाली आणि कामाला लागली.

तिचं काम बघत राहावं असं. जस्ताचा क्षार आणि आमचे दांडे विरघळवलेलं द्रावण नळीत ओतायचं, नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ते गोठवायचं, पंपानं आतली हवा ओढून घ्यायची आणि मग ज्योतीवर नळीची मान फिरवत फिरवत मऊ करायची. काच नारिंगी झाली की मावशीचं मनगट एकदाच वळायचं. नळी एका हातात, उरलेला तुकडा दुसऱ्या हातात, आणि मधे केसासारखी काचेची तार. मग ती बंद टोक पुन्हा मंद आचेवर धरून निवू द्यायची. त्या वर्षात तिची एकही नळी फुटली नाही.

आमच्यात सगळ्यात हुशार त्रिएत. हुशार आणि त्याची जाणीव असलेला. तो मावशीला छेडायचा, "काय मावशी, आज चुलीवर काय शिजतंय?"

"तुझं लग्न," ती मान वर न करता म्हणायची. "कधीपास्नं ठेवलंय, अजून कच्चंच आहे."

मावशी आल्याच्या तिसऱ्या वर्षी आमचा पदार्थ जमला. शंभर अंशांच्या भट्टीत तीन दिवस ठेवलेल्या नळ्यांच्या तळाशी स्वच्छ, चौकोनी, मिठाच्या खड्यांएवढे स्फटिक बसले होते. मी त्यातला एक सुईनं उचलला, त्याच्यावर क्ष-किरण सोडले आणि आतली बांधणी जशी सरांनी कागदावर आखली होती तशीच निघाली. वायू मोजला तेव्हा आलेख सरळ वर चढला. लेख छापून आला. त्या दुपारी सरांनी सगळ्यांना कणीचा भात आणि भाजलेलं डुकराचं मांस खिलावलं. जेवण झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे टेबलांखाली चटया टाकून आडवे झालो, पण झोप कुणालाच आली नाही.

आठ महिन्यांनी बेल्जियमहून एक पत्र आलं. तिथल्या एका गटानं आमच्या लेखाप्रमाणे बावीस वेळा प्रयत्न केला होता. हाती आला होता तो पांढरट चिखल. सोबत फोटो होते. भाषा सभ्य होती, पण शेवटचं वाक्य बोचणारं होतं: तुमच्या नमुन्यात दुसरं काही मिसळलं होतं, अशी शक्यता तुम्ही तपासली आहे का?

आम्ही तपासलं. आमच्याकडे दर वेळी स्फटिकच आले. त्यामुळे आपल्याच कशात तरी काही मिसळतंय, हा संशय उलट वाढला. आणि एका सकाळी त्रिएत सगळ्यांसमोर बोलून गेला, "आपलं गणित बरोबर आहे. घाण असलीच तर नळीतून येत असेल. काचेतून, नाहीतर मावशींच्या पंपाच्या तेलातून."

मावशीनं ज्योत बंद केली. "एकवीस वर्षं माझ्या कुपीतलं औषध माणसांच्या रक्तात गेलंय," ती म्हणाली. "एकही परत आली नाही." एवढंच. त्या दिवशी तिनं पंप सुटा केला, तेल बदललं, प्रत्येक नळी तीन तीनदा धुतली आणि पुन्हा स्फटिक आले. त्रिएतनं माफी मागितली नाही. मला त्याचा राग आला होता, आणि मी गप्प बसले याचा त्याहून जास्त.

शेवटी सरांनीच बेल्जियमला लिहिलं: तुमचं माणूस पाठवा, तुमची रसायनं घेऊन या, आमच्या टेबलावर करून बघा.

आली ती लीव्ह नावाची, तिशीतली, उंच, उन्हानं लालबुंद झालेली संशोधक. दोन आठवड्यांसाठी. स्वभावानं सरळ होती. पहिल्याच दिवशी तिनं आपल्या रसायनांचं द्रावण केलं आणि त्याचे दोन भाग केले. एक भाग तिनं नेहमीसारखा आठ बाटल्यांत भरला आणि फिरकीची झाकणं पान्यानं आवळली. दुसरा भाग मावशीकडे दिला. मावशीनं त्याच्या आठ नळ्या बंद केल्या. सगळं एकाच भट्टीत गेलं.

मावशी त्या झाकणांकडे बघत होती. मला हळूच म्हणाली, "घट्ट आहे गं. पण घट्ट म्हणजे बंद नव्हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीव्हनं भट्टीचं दार उघडलं, तेव्हा मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नळ्या पुसत होती. ती थांबली. फडकं खाली ठेवून भट्टीपाशी आली, वाकली, नाक फेंदारलं.

"मासळी," ती म्हणाली.

"काय म्हणतायत त्या?" लीव्हनं मला विचारलं. मी सांगितलं. ती हसली. "हो, आमच्या भट्टीच्या खोलीत कायम हाच वास असतो. आम्हाला वाटलं, या प्रयोगाला असतोच."

मी ते मावशीला सांगितलं आणि तिचा चेहरा पालटला.

"उयेन, हिला विचार, माझ्या भट्टीला गेल्या तीन वर्षांत असा वास कधी आला का? नाही आला. मी नळी फोडते तेव्हा येतो, आतून. हिचा वास बाहेर हिंडतोय. जे आत राहायला हवं ते पळून चाललंय." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या आईच्या पिंपाचं झाकण सरकलं की गल्लीला वास यायचा आणि सॉस फुकट जायचा. नाकाला कळलं म्हणजे माल गेला."

बाओसर दारात उभे राहून ऐकत होते. ते तसेच फळ्यापाशी गेले आणि खडू घेतला. आमचं द्रावण तापलं की त्यातला थोडा भाग तुटतो आणि माशासारख्या वासाची वाफ तयार होते. हीच वाफ दांड्यांच्या टोकांवरचे हायड्रोजन काढून घेते. टोकं मोकळी झाली, तरच दांडे धातूच्या सांध्याला धरतात. वाफ निसटली तर दांडे सुटेच राहतात आणि चिखल होतो.

"आणि आपण लेखात काय लिहिलंय?" सरांनी वळून विचारलं.

त्रिएत उठून उभा राहिला. लेखातला कृतीचा भाग त्यानं लिहिला होता. "बंद पात्रात तापवलं," तो म्हणाला. "एवढंच लिहिलं. नळीचं मी लिहिलंच नाही. मला ते... लिहिण्यासारखं वाटलं नाही."



आणखी दोन दिवसांनी भट्टी रिकामी केली. बाटल्यांत चिखल. मावशीच्या आठही नळ्यांत, लीव्हनं स्वतः आणलेल्या रसायनांतून वाढलेले, चौकोनी स्फटिक. लीव्हनं एक नळी उजेडासमोर धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. पुढच्या आठवड्यात भाडेकरू द्रावण हळूहळू बदलून काढलं, वायू मोजला, आणि आकडा आमच्या जुन्या आकड्याच्या अगदी शेजारी येऊन बसला. लीव्हनं त्याच टेबलावरून आपल्या गटाला लिहिलं, की चूक यांची नव्हती.

मग दुरुस्तीचा लेख लिहायला घेतला. या वेळी त्रिएत वही घेऊन मावशीच्या ज्योतीशेजारी स्टुलावर बसला.

"मावशी, परवा मी जे बोललो ते चुकलं माझं."

"परवा नाही, दीड महिना झाला. लिही पुढं."

"नळी किती भरायची?"

"अर्ध्याला कमी."

"कमी म्हणजे?"

"बोटभर."

"कुणाचं बोट, मावशी? बेल्जियमच्या माणसांची बोटं लांब असतात."

मावशी खळखळून हसली आणि तिनं मोजपट्टी मागवली. काचेची जाडी, मानेची लांबी, किती वेळ फिरवायची, कोणता रंग आला की ओढायचं, हे सगळं तीन पानं झालं. बाओसरांनी लेखकांत तिचं नाव घातलं. ती नको म्हणाली नाही. छापायच्या आधीचा मसुदा आला तेव्हा चष्मा लावून तिनं फक्त ती एक ओळ बघितली.

"लिउ या माझ्या आडनावातल्या 'u' अक्षरावरची छोटी आकडी राहिलीय," ती म्हणाली. "तिच्याशिवाय ते अक्षरच वेगळं, ते माझं नाव नव्हे."

त्रिएतनं नियतकालिकाला तीन वेळा लिहून ती आकडी छापवून घेतली.

त्या शरद ऋतूत लीव्हच्या गटानं तिला काम शिकवायला बोलावलं. मावशी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती, विमानात कधी बसलेली नव्हती. दुभाषी म्हणून मी सोबत गेले. तिथल्या प्रयोगशाळेत पंधरावीस जण तिच्याभोवती उभे होते, त्यांत दोन पिकल्या केसांचे प्राध्यापक. काच वेगळी होती, ज्योतही जास्त तेज. पहिल्या नळीला भोक पडलं. दुसरी वाकली. मावशीनं ज्योतीची चावी थोडी मागे फिरवली आणि मला म्हणाली, "यांना सांग, दोन नळ्या मी काच ओळखण्यासाठी घेते. कारखान्यातही घ्यायचे."

मी सांगितलं. मग तिनं तिसरी नळी उचलली, मान फिरवली, काच नारिंगी होऊ दिली आणि मनगट वळवलं. एक प्राध्यापक टाळ्या वाजवायला लागले. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, ती नळी बाजूला ठेवली आणि रिकामी नळी त्यांच्याच हातात दिली.

"आता तुम्ही," ती आमच्या भाषेत म्हणाली, आणि ते मला कुणाला सांगावं लागलं नाही.