मावशीच्या आईची वांगी

पाणी घालून झाड मारता येतं, हे मला चांगलं माहीत होतं. आठवीच्या वर्गाला मी ते दरवर्षी शिकवत होते. तरीही मी झाडं मारली. भर शाळेत मारली, पोरांच्या देखत मारली, आणि जिने अडवलं तिलाच वर धडा शिकवला.

मी अमरावतीची. जीवशास्त्राची पदवी, त्यावर बी.एड., आणि नोकरी लागली ती दर्यापूरच्या पुढच्या एका गावात. अमरावतीहून एसटी, दर्यापूरहून काळीपिवळी जीप, आणि जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलणार नाही. विषय माझा पक्का होता आणि तो पक्का आहे हे सांगायला मी कधी लाजले नाही. वर्षाच्या सुरुवातीला कांद्याची पातळ साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि एकेकाला डोळा लावायला सांगायचं. कोणीतरी ओरडायचंच, "मॅडम, इटा दिसून राहिल्या!" खरंच विटाच दिसतात त्या, एकीला एक लागून रचलेल्या. मग मी सांगायचे, ह्या पेशी. तुम्ही, मी, बाहेरची बकरी आणि हा कांदा, सगळे ह्याच विटांचे. त्या वेळी पोरांच्या तोंडावर जे उमटायचं, त्यासाठी मी जीपमध्ये तासन्‌तास कोंबून घ्यायला तयार होते.

कांदा झाला, पण मला अख्खी झाडं हवी होती. मूळ शिकवायचं तर ते उपटून दाखवता आलं पाहिजे, फूल शिकवायचं तर हातात फूल पाहिजे. म्हणून मी शाळेमागच्या रिकाम्या जागेत परसबाग करायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, करा, पण इकडे काही जगत नाही. मी मनात म्हटलं, तुम्हाला जगवता येत नाही असं म्हणा.

शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होती. पन्नाशीची, बोलायला रोखठोक, माळ्याच्या घरातली. तिचं माहेर अकोटाकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, जिथं विहिरीचं पाणी गोड आणि बारा महिने भाजीपाला. सासर मात्र आमच्या शाळेचं गाव, म्हणजे खारपाणपट्टा. इथं जमीन काळीभोर, कपाशी, सोयाबीन पावसावर झकास येतं, हिवाळ्यात हरभरा जमिनीतल्या ओलीवर येतो. पण जमिनीखालचं पाणी खारट. त्यामुळे विहीर असून भाजी नाही. मावशीने संसार केला तो असा, माळ्याची लेक असून बाजारातून वांगी आणत.

फक्त एक वांगं ती पावसाळ्यात स्वतः लावायची. तिच्या आईचं. हिरवट-पांढरं, देठावर काटे, शिजलं की लोण्यासारखं मऊ. लग्नात आईने बियांची पुडी पदराला बांधून दिली होती, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात अंगणात चार झाडं लावून ती बी राखत आली होती. मी परसबागेचं बोलले तेव्हा ती चौदा रोपं घेऊन आली. त्या वर्षी तिच्या घरकुलाचं काम निघालं होतं, अंगणात रेती आणि विटांचा ढीग पडला होता, रोपं लावायला वितभर जागा नव्हती.

"हे सांभायजा, मॅडम," ती म्हणाली. "माय गेली. भाऊ आता कंपनीचं बी लावतेत. घरचं बी यंदा थोडंच होतं, थे सारं रोप करायले टाकलं. आता हे चौदा झाडं तेवढे हायेत."

मी म्हटलं, "मावशी, निर्धास्त राहा. विज्ञानाची शिक्षिका आहे मी."

रोपं छान लागली. ऑगस्ट अर्धा होईपर्यंत गुडघ्याएवढी झाली, एकदोन जांभळी फुलंही आली. मग पावसाने दडी मारली. जमिनीला भेगा पडल्या, वांग्याची पानं दुपारी मान टाकू लागली. शाळेत बोअर होतं, हातपाय आणि भांडी धुवायला. मी पोरांच्या हाती बादल्या दिल्या.

मावशी खिचडीचा झारा हातात घेऊनच बाहेर आली. "मॅडम, हे पानी नका टाकू. झाड जयते त्यानं."

"पाण्याने झाड जळत नाही, मावशी," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "आगीने जळतं. पाण्याने जगतं." पोरं हसली. मला ते हसणं आवडलं, हेही इथं सांगून टाकते. मावशी एवढंच म्हणाली, "तुमी शिकलेल्या हा, बाई," आणि आत गेली. मॅडमपुढे ती तरी किती बोलणार?

दहा दिवस मी रोज पाणी घातलं. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी झाल्या. मला वाटलं, तहान भागत नाहीये, म्हणून एका बादलीच्या दोन केल्या. झाडं आणखी सुकली. आळ्यात पाणी उभं आहे आणि झाड मान टाकून आहे, असं चित्र रोज बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. रोग असेल म्हणून मी पानं उलटीपालटी करून कीड शोधत बसले.

त्याच आठवड्यात आठवीला परासरण शिकवायचं होतं. प्रयोग सोपा. बटाट्याच्या दोन चकत्या, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. मिठाच्या पाण्यातली लुळी पडते, कारण तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं. मी स्वयंपाकाच्या खोलीत गेले आणि मिठाचं पाणी करायला मीठ मागितलं.

मावशीने डबा पुढे केला आणि म्हणाली, "मीठ काहाले पायजे? बोअरचंच पानी घ्या ना. त्या पान्यात डाळसुदा शिजत नाही."

ती टोमणा मारत नव्हती. तिला मीठ वाचवायचं होतं. मी डबा हातात घेऊन तिथंच उभी राहिले, आणि खिडकीतून मला माझी वांगी दिसत होती.

वर्गात मी दोनऐवजी तीन वाट्या मांडल्या: मिठाचं पाणी, पिण्याचं गोड पाणी आणि बोअरचं पाणी. मधली सुट्टी होऊन गेल्यावर चकत्या काढल्या. मिठातली लुळी पडली होती, गोड पाण्यातली कडक झाली होती. बोअरच्या पाण्यातली ना धड कडक ना धड लुळी. एका मुलीने ती वाकवून पाहिली आणि म्हणाली, "हे तं एवढं खारं नाही, मॅडम." तिचं बरोबर होतं. पण वाटीतलं पाणी वाटीतच राहतं. वाफ्यात रोज ऊन पडतं. ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मात्र मागे राहतं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यावर आणखी दोन बादल्या ओतणार. दहा दिवस मी त्या मुळांभोवती मीठच साठवत गेले होते.

मी फळ्यावर मूळ काढलं. मुळाला केसांहून बारीक तंतू असतात, मूलरोम. प्रत्येक तंतू म्हणजे एका पेशीचंच लांब झालेलं टोक. पेशीच्या पातळ पटलातून पाणी सहज जातं, मीठ सहज जात नाही. पेशीच्या आतला रस बाहेरच्या पाण्याहून दाट असतो, म्हणून पाणी आपणहून आत येतं. बाहेरच दाट खारं पाणी साचलं, की ते आत यायचं थांबतं, आणि फार झालं तर आतलंही बाहेर निघून जातं. झाडाचे पाय पाण्यात आणि घसा कोरडा.

मग मी खडू ठेवला आणि वर्गाला म्हटलं, "आपली वांगी तहानेने मरत आहेत, आणि त्यांना मी मारते आहे. मावशींचं बरोबर होतं. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं." मुलांसमोर चूक कबूल करणं अवघड असतं असं लोक म्हणतात. मला ते तेवढं अवघड गेलं नाही. अवघड होतं ते स्वयंपाकाच्या खोलीत जाणं.

मावशी कढई घासत होती. मी सगळं सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "जाऊ द्या. तुमाले माहीत नव्हतं."

तिथं गप्प बसले असते तर सुटले असते. पण मला खोटी माफी घेववेना. "माहीत होतं, मावशी. मी हेच शिकवते."

तिचा हात थांबला. "माहीत होतं, मंग काहून टाकलं?"

मला रडू आलं, आणि तिने मला उगी केलं नाही. ती उठून मागे गेली आणि एकेका झाडाचं खोड नखाने खरवडून बघू लागली, खाली हिरवं आहे का ते. नऊ वाळून गेली होती. पाचांत अजून जीव होता.

आता मात्र मी माझं डोकं नीट वापरलं. मीठ खाली ढकलायचं तर थेंब थेंब पाणी उपयोगाचं नाही, एकदम भरपूर हवं आणि तेही गोड. गावात गोड पाणी चारपाच दिवसांनी यायचं, त्याला बायकांची रांग. ते मागायचं तोंड मला नव्हतं. मी दर्यापूरहून रोज दोन मोठे कॅन जीपमध्ये टाकून आणू लागले. ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, इकडं वावर घेतलं का काय?" मुख्याध्यापक म्हणाले, "पुराणातली वांगी पुराणात बरी असतात हो." मी त्यांना एक कॅन उचलायला लावला. मावशी आळं पाण्याने तुडुंब भरायची आणि वर सोयाबीनच्या मळणीचा भुसा, ज्याला इकडे कुटार म्हणतात, तो पसरायची, म्हणजे ऊन जमिनीला लागणार नाही. कुटाराचं तिनेच सुचवलं, आणि ह्या वेळी मी कारण विचारलं, हुज्जत घातली नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाऊस परतला आणि दोन दिवस धो धो कोसळला. आमच्या कॅनांनी जे झालं नसतं ते त्याने केलं. पाचांतली दोन झाडं वाचली.

दिवाळीनंतर त्यांना वांगी धरली. पहिलं चांगलं फळ मावशीने खुडलं नाही, त्याच्या देठाला लाल चिंधी बांधली. बियाचं फळ झाडावरच पिकू द्यायचं असतं, पार पिवळं पडेपर्यंत. त्या एका वांग्याची मी जी राखण केली तशी स्वतःच्या परीक्षेच्या पेपरांचीही केली नसेल. परसबाग-स्पर्धेसाठी बाग पाहायला तालुक्याहून एक साहेब आले आणि "वा, काय रंग आहे" म्हणत त्यांनी हात पुढे केला. मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातली फाईल पडली. आमच्या परसबागेला काही बक्षीस मिळालं नाही.

डिसेंबरात एका शनिवारी मावशीने ते वांगं तोडलं, चिरलं आणि गर पातेल्यात पिळला. वरून गोड पाणी ओतलं. सगळं वर तरंगलं. पोकळ बी तरंगतं आणि भरलेलं बुडतं एवढं मलाही कळत होतं. मावशीने बोटांनी गर चोळला, फेस बाजूला काढला आणि थांबली. मग बिया खाली जाऊ लागल्या. आधी दोनचार, मग भराभर, आणि पातेल्याचा तळ पिवळसर दाण्यांनी भरून गेला.

बिया राखेत घोळून, सावलीत वाळवून तिने पुढच्या आठवड्यात दोन पुड्या केल्या. एक कमरेला खोचली, दुसरी माझ्यापुढे धरली. "निम्मं तुमी न्या अमरावतीले. एकाच घरी ठेवू नाही."

"माझ्याजवळ?" मी म्हटलं. "मावशी, मी सगळी जाळायला निघाले होते."

"म्हनूनच तं देऊन राहिली," ती म्हणाली. "भावाले देलं तं थो इसरून जाईन. तुमी नाही इसरत आता. ज्याच्या हातून एकदा जयलं, थो दुसऱ्या खेपेले पानी चाखूनच टाकते."

अमरावतीला पोचेपर्यंत मी ती पुडी मुठीतच धरली होती, पर्समध्ये टाकायला मन होईना. घरी आले, चपला काढल्या आणि कोणाशी काही बोलायच्या आधी मोरीतला नळ सोडून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. जन्मापासून तेच पाणी पीत आले होते. चाखलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.