बादलीमावशी आणि भिंतीवरचा ओला चौकोन

भाड्याचं घर बघायला लोक बायको घेऊन येतात, मेहुणा घेऊन येतात. ही बाई रिकामी बादली घेऊन यायची. निळी, प्लास्टिकची, कडीला चिंधी गुंडाळलेली. दार उघडलं की खोलीकडे न बघता थेट मोरीत जायची, नळ सोडायची, बादली किती वेळात भरते ते बघायची आणि भरलेली बादली तिथंच ओतून द्यायची. पाणी जाळीकडे गेलं तर पुढचं बोलणं. उंबऱ्याकडे आलं, तर म्हणायची, "भाऊ, हे घर तुम्हीच घ्या." उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये माझं एजंटचं दुकान होतं. आम्ही सगळे एजंट तिला बादलीमावशी म्हणायचो.

अंबरनाथ एमआयडीसीत ती साबणाची पावडर पिशव्यांत भरायचं काम करायची. लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरात. अकरा महिने संपले की पुन्हा बोचकी बांधायची. एवढी घरं बदलून जे शहाणपण आलं, ते ती फुकट वाटत असे. कंपनीतली कुणीही पोरगी संसार मांडायला निघाली की सुट्टीच्या दिवशी मावशी तिच्याबरोबर हजर. "घर तीनदा बघायचं," ती त्या पोरींना सांगायची. "एकदा पाणी यायच्या वेळेला, एकदा पाऊस पडून गेल्यावर, आणि एकदा शेजारीण एकटी असताना. एजंट बरोबर असला की शेजारीण गोडच बोलते." हे माझ्यासमोर, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत.

अॅग्रीमेंट तर ती मला शब्दन् शब्द मोठ्यानं वाचायला लावायची. "हळू वाचा. सही आम्ही करणार, घाई तुम्हाला का?" 'मालकाच्या इच्छेनुसार' असं कुठं आलं की हात वर. "इच्छेनुसार म्हणजे? त्याला मधेच इच्छा झाली तर आम्ही पोरं घेऊन नाक्यावर बसायचं?" मग ते वाक्य खोडायचं, नवं लिहायचं. फुटकी फरशी, न फिरणारा पंखा, सगळं कागदाच्या मागं लिहून त्यावर मालकाची सही. "आधीची मोडतोड आमच्या नावावर नको." तिच्यामुळं माझे चार सौदे मोडले असतील. राग यायचा. पण माझ्या भाचीला बदलापूरला घर घ्यायचं होतं, तेव्हा मी मावशीलाच बरोबर नेलं होतं.

मग तिच्या नवऱ्याचं उजवं अंग गेलं. तिसऱ्या मजल्यावरून त्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार माणसं गोळा करावी लागत. त्यातच मालकानं घर रिकामं करायला सांगितलं. तिला तळमजल्याची खोली हवी होती, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस कुणालाच नको होता. एकानं तर तोंडावर सांगितलं, "उद्या इथं काही झालं तर पुढचा भाडेकरू येणार नाही." रोज संध्याकाळी कामावरून ती तडक दुकानात येई. एक दिवस ती बसलीच नाही. टेबलाची कड धरून म्हणाली, "भाऊ, रविवारी सामान बाहेर काढतो म्हणतोय. ह्यांना उचलून मी कुठं नेऊ?"

माझ्याकडे एक तळमजला होता. जुनी पाच मजली इमारत. दाराशेजारी पालिकेची नोटीस चिकटवलेली होती : इमारत धोकादायक आहे, रिकामी करावी. मालक हसून म्हणायचा, "अरे साईं, दो साल से चिपकी है. बिल्डिंग हिली क्या?" मावशी येणार त्या सकाळी मी ओलं फडकं घेऊन गेलो आणि ती नोटीस घासून काढली. तिची दया आली म्हणून केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच, की ती खोली कुणी घेत नव्हतं आणि मला ती खपवायची होती.

ती आली. बादली भरभर भरली, पाणीही जाळीकडे गेलं. बाहेर पडताना ती दाराशी थांबली. मळक्या भिंतीवर तेवढा एक स्वच्छ चौकोन होता. तिनं त्यावर बोट फिरवलं.

"इथं काय होतं?"

"क्लासची जाहिरात."

"आणि वरची दोन घरं बंद का?"

"गावी गेलेत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बादली उचलली आणि म्हणाली, "करू या कागद."

त्या दिवशी तिनं वाचायला लावलं नाही. मी विचारलं, "वाचू का?" म्हणाली, "नको. अंगठा कुठं ठेवू तेवढं सांगा." साबणाच्या पावडरीनं तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. करार नोंदवायचं मशीन अंगठा घेईना. चार वेळा लाल दिवा लागला. मला थांबायला चार वेळा सवड मिळाली. पाचव्यांदा मी तिचा अंगठा रुमालानं पुसला, माझ्या हातानं काचेवर दाबून धरला. दिवा हिरवा झाला.

पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची माणसं पोलीस घेऊन आली आणि दुपारपर्यंत इमारत रिकामी करून सील ठोकलं. मावशी कामावर होती. परतली तेव्हा नवरा समोरच्या दुकानाच्या छपराखाली खुर्चीत बसवलेला, मांडीवर निळी बादली, बादलीत औषधं. ती सोनिवलीला एका पत्र्याच्या खोलीत गेली. तिथं तीन महिन्यांत तो गेला.

इकडे आम्हा एजंटांना हसायला निमित्त मिळालं. जगाची घरं तपासणारी स्वतःच्या घराला फसली! मीही गिऱ्हाइकांना सांगायचो, "त्या बादलीवालीचं काय ऐकता? पडायला आलेल्या इमारतीत राहायला गेली होती ती." हे मी एकदा नाही, अनेकदा बोललो.

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर मी सोनिवलीला गेलो. नव्या टॉवरांच्या मागं तिची खोली. "या भाऊ. चहात साखर चालते का आता?" मी कशीबशी सुरुवात केली, "ताई, तो चौकोन..."

"ओला होता," ती म्हणाली. "बोटाला खळ लागली. क्लासची जाहिरात इतकी घासून कोण काढतं?"

"मग अंगठा का दिलात?"

"घर तीनदा बघायला हातात दिवस लागतात. माझ्या हातात रविवार होता." चहा गाळून तिनं कप माझ्यापुढं सरकवला. "म्हटलं, अकरा महिने तरी काढेल इमारत."

चहा संपवून मी उठलो. निघताना ती म्हणाली, "कंपनीतल्या पोरी आता मला घर बघायला नेत नाहीत. म्हणतात, मावशीला काय कळतंय. काय झालं होतं ते तेवढं सांगाल का त्यांना?"

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. दुकानावर अजून आमचंच आडनाव आहे, मुलाच्या धंद्याचं काय होईल, असं म्हणत दिवस काढले. गेल्या थंडीत ती वारली. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

त्या पोरी आता कुठं कुठं राहतात मला ठाऊक नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात हे आलं तर एवढं लक्षात ठेवा : बादलीमावशी फसली नव्हती. तिनं भिंतीला हात लावून बघितलं होतं. नोटीस मी काढली होती.