पितळी कुप्पी कुठे गेली

मंडळी, मी बोलतेय आणि नात सई टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, पण खोटं बोलायला अक्षर कुठे लागतं?

आमचे हे तरुणपणी डोंगरातल्या छोट्या गाडीवर फायरमन होते. ते वाफेचं इंजिन मधल्या सांध्यात वळायचं, म्हणून घाटातली वळणं घेऊ शकायचं. त्या सांध्यात हे लांब नळीच्या पितळी कुप्पीने तेल घालायचे. नोकरी सुटताना ड्रायव्हरने ती यांना आठवण म्हणून दिली.

आज जुन्या इंजिनांचे फोटो काढणारा एक माणूस ती बघायला नेरूळला आमच्या घरी आला. हे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सगळा माळा उपसला. शेवटी पाहुण्यासमोर ओशाळून म्हणाले, "घर बदलताना माझ्याच हातून हरवली असणार."

मी चहा गाळत राहिले. कुप्पी मीच भांडेवालीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. आणि इतकी वर्षं मी "माळ्यावर असेल" म्हणत होते.

सई म्हणते, "आजी, आजोबा माझी प्रत्येक पोस्ट वाचतात गं."

"म्हणून तर तुला बसवलंय. तोंडावर सांगायला जमेना."

आता ते दुपारचे झोपलेत. उठून चष्मा लावतील, तोवर माझ्या बाजूने कोणी चार शब्द लिहाल का?