टोपीखालची सावली

गेल्या वर्षी पाटणच्या माझ्या मावशीनं ट्रंकेतली एक जुनी निगेटिव्ह आणून दिली. काका फौजेत असतानाचा फोटो होता. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

"ह्यात त्यांचं डोळं दिसत्याल का गं?" मावशीनं विचारलं. तिच्याकडचा फोटो वाळवीनं खाल्ला होता.

सांगलीतल्या एका वयस्कर फोटोग्राफरकडे मी डार्करूमचं काम शिकते. त्यांना मास्तर म्हणते. आम्ही प्रिंट काढली, तर टोपीच्या सावलीत मिशीच्या वरचा चेहरा काळाच. उजेड पडेल तेवढा कागद काळा होतो, म्हणून तेवढ्याच जागी उजेड अडवून पाहिला, पण टोपीही फिकी पडली.

मग प्रिंटवरचा काळेपणा उतरवायला मास्तरांनी कपाटातून बरणी काढली. आत काचेच्या तुकड्यांसारखे लालभडक खडे. लेबलावर पोटॅशियम फेरिसायनाइड.

"मास्तर, सायनाइड?"

"नाव तसलं हाय, पर ह्ये त्ये न्हवं. तरी हातमोजं घाल. आन् ॲसिडजवळ अजाबात न्यायचं न्हाई."

चिमूटभर खडे पाण्यात टाकले. लाल खड्यांचं पाणी पिवळं झालं! असं कसं, विचारलं तर म्हणाले, "लय वर्सं बघतोय. मला बी ठाऊक न्हाई."

ओल्या प्रिंटवर मी कापसाच्या बोळ्यानं ते पाणी टिपलं. काहीच होईना. पुन्हा टिपलं, पुन्हा टिपलं. आणि बघता बघता चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा झाला.

"दिसायच्या आधी थांबायचं," मास्तर म्हणाले. "नळाखाली धरंपतुर त्याचं काम चालूच असतंय."

दुसऱ्या प्रिंटसाठी पाणी आणखी पातळ केलं. एकदा टिपायचं, लगेच धुवायचं, बघायचं. पिवळा डाग हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्यात, निघून गेला. काळोख विरत गेला तसं कपाळ आलं, भुवया आल्या. मी भिंग घेऊन वाकले.

काकांचे डोळे मिटलेले होते.

मावशीला काय सांगू, या विचारातच पाटण गाठलं. तिनं दारातल्या उजेडात फोटो धरला, आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

"लग्नात बी असंच! फोटोवाला रेडी म्हणला की ह्यांचं डोळं गच्च. गोळीला भ्यालं न्हाईत कवा, पर क्यामेऱ्याला लय भ्यायचं."

मग फोटो आणखी जवळ घेऊन तिनं भुवईवरच्या बारीकशा व्रणावर बोट ठेवलं.

"बैलाचं शिंग लागलं हुतं. ह्ये तर मी इसरूनच ग्येले हुते बघ."