त्रेचाळीसवरचा डाग
ब्लाउजचं माप घ्यायला टेप काढला की त्रेचाळीस सेंटिमीटरवरचा पांढुरका डाग दिसतो आणि दुबईजवळच्या उम्म अल क्वैनची खाडी आठवते. त्या दुपारी नवऱ्याच्या ऑफिसचे लोक जेवायला येणार होते आणि मी स्वतः पकडलेल्या हमूर माशाचं कालवण खाऊ घालीन, असं सगळ्यांना सांगून बसले होते. सकाळी कयाकमधून गळ टाकला, हमूर लागला आणि सरळ खडकाच्या कपारीत घुसला. “खलास, दोरी काप,” मागच्या सीटवरून नवरा म्हणाला. “तू फक्त कयाक इथेच धर,” मी म्हटलं. ओढलं तर हमूर कल्ले फुगवून आणखी घट्ट बसतो, म्हणून मी दोरी सैल सोडली आणि ती बोटावर धरून उन्हात बसून राहिले. वीसेक मिनिटांनी दोरी सरकली. तो बाहेर येताच मी रीळ गरागरा फिरवून त्याला वर घेतलं. खिशातला हाच शिवणाचा टेप लावला, तर शेपटीचा बुळबुळीत ठसा त्रेचाळीसवर उमटला; पंचेचाळीसपेक्षा लहान हमूर ठेवायचा नाही या तिथल्या नियमाला दोन सेंटिमीटर कमी. “कोण बघतंय? ठेव,” नवरा म्हणाला. मी गळ काढला आणि मासा अलगद पाण्यात ठेवला. पाहुण्यांना बटाट्याची भाजी वाढली. नवरा अजून चारचौघांत हसत सांगतो की हिच्या हातून मासा निसटला. मी दर वेळी त्याला तिथेच थांबवते: निसटला नाही, मी सोडला.