भाच्याच्या जानव्याचं सूत

आता स्वतःच्या फजितीचं काय कौतुक सांगायचं! पण चहा येईपर्यंत ऐकूनच घ्या.

तेव्हा आम्ही कुकटपल्लीत राहायचो. कॉलनीत नुकतंच केबल आलं होतं, आणि मला नाद होता टकळीवर सूत कातायचा. उजव्या हातानं टकळी करवंटीत टेकवून गिरकी द्यायची, डाव्या हातात कापसाचा पेळू धरून हलकेच ओढायचा. केसाहून बारीक सूत निघायचं. जीव कसा सुखावायचा!

भाच्याची मुंज ठरली, तीन महिन्यांनंतरची. मी फुशारकीनं ताईला म्हणालो, "जानव्याचं सूत माझं. रोज पहाटे अंघोळ करून, गायत्री म्हणत कातणार!" ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

कातलं की हो! निम्मं तरी पहाटेच कातलं.

मुंजीच्या आदल्या दिवशी ताईसमोर गौलीगुड्याचे गुरुजी जानवं करायला बसले. तीन पदर एकत्र पिळायला घेतले. दोन शहाण्यासारखे बसले. तिसरा वेटोळी घालत सुटला आणि तुटला! त्याच्या जागी आणखी एक घेतला, त्याचीही तीच तऱ्हा.

"क्या जी साहेब, दोघांनी कातलं का हे?"

"छे! मी एकट्यानंच."

"मग निम्म्याचा पीळ उलटा कसा? हौ, डाव्या हाताची गिरकी आहे ही."

माझा चेहरा पडला. अहो, संध्याकाळी उजव्या हातात टीव्हीचा रिमोट असायचा! इतके चॅनेल, एकावर मन टिकतंय कशाला? डाव्या हाताला बटणं सापडेनात. मग पेळू आणि रिमोट दोन्ही उजव्या हातात आणि टकळी डाव्या!

मी कबूल करणार, तेवढ्यात ताई हात जोडून म्हणाली, "अगंबाई! गुरुजी, याच्या उजव्या हातात जपाची माळ असणार!"

आणि मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

गुरुजींनी उलट्या पिळाचेच तीन पदर निवडून सुंदर जानवं केलं. इथंच निभावलं असतं, पण ताई ऐकते थोडीच! मुंजीत तिनं माझी तपश्चर्या अख्ख्या मांडवाला सांगितली. वयानं मोठे काकासुद्धा मला नमस्कार करू लागले. मलाही ते थोडं आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू?

"एकदा करून दाखव ना रे सगळ्यांना!" ताईनं माझ्या डाव्या हातात टकळी दिली, उजव्यात पेळू आणि तिच्या सासऱ्यांची रुद्राक्षमाळ.

मी डोळे मिटले. टकळी गरगर फिरली, सूत झरझर निघालं. वा! पण सवय मेली सोडते का? उजवा हात आपोआप समोरच्या भिंतीकडे वळला आणि अंगठा एकच रुद्राक्ष दाबत सुटला.

तीन महिने सगळं बघून तोंड न उघडलेली आमची बायको शांतपणे म्हणाली,

"अहो, जरा आवाज कमी करा. गुरुजींचे मंत्र ऐकू येत नाहीयेत."